बानूबाईंची विलायती किटली

मी एक जुनी विलायती किटली आहे. चिनी मातीची, पांढरीशुभ्र, अंगावर निळी फुले. इंग्लंडमधल्या भट्टीत मी भाजून निघाले आणि बोटीने इकडे आले. एका साहेबाच्या बंगल्यावर मी पुष्कळ वर्षे चहा ओतला. साहेब मायदेशी परतला, तेव्हा त्याने मला खानसाम्याला देऊन टाकले. तिथून या हातातून त्या हातात जात मी मोरगावजवळ बानूबाईंच्या घरी पोहोचले. बानूबाई शेळ्या पाळतात. त्यांच्या फडताळात मी गोडेतेल सांभाळत होते.

गेल्या हिवाळ्यात त्यांची एक शेळी विताना मेली. मागे उरले इवलेसे करडू. बाटलीला ते तोंडच लावीना. बानूबाईंनी मला राखेने घासले, माझ्या तोटीला मऊ फडके बांधले, आणि करडू चुटूचुटू दूध पिऊ लागले. मित्रांनो, इतका मान मला साहेबाच्या टेबलावरही मिळाला नव्हता!

त्याच आठवड्यात पणदऱ्याचे झुंबरआप्पा लेंडीखत न्यायला आले. ते भाजीपाला पिकवतात. जुन्या विलायती कपबशा जमवण्याचा त्यांना भारी नाद. मला पाहताच ते खालीच बसले. उलटी करून त्यांनी माझ्या बुडाचा शिक्का पाहिला.

"बानूबाई, हिचं सहा कप माज्याकडं हायती. बारा वर्सं ही किटली हुडकतोय. देता का?"

"न्या की. पर करडू पाला खाया लागल्यावर. तवर न्हाय."

आप्पांच्या जिवाला घोर लागला. करडू ढुशी मारी, मी हिंदकळे आणि आप्पांचा श्वास अडके. शेवटी ते रोज सकाळी मोटारसायकलवरून येऊन स्वतःच मला धरू लागले.

एके दिवशी बानूबाई चुलीपाशी होत्या. आप्पा अंगणातल्या फरशीवर उकिडवे बसून करडाला पाजत होते. तेवढ्यात कुंपणातून एक मोकाट कुत्रे घुसले आणि थेट करडावर झेपावले. आप्पा ओरडले. कुत्रे थांबेना. मला हळूच खाली ठेवायला वेळच नव्हता. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि हात सोडले.

मी फरशीवर आदळले. आप्पांनी करडू उचलून छातीशी आवळले. बानूबाई काठी घेऊन धावल्या, तसे कुत्रे पळाले.

माझा कान तुटला होता. झाकणाचे तुकडे झाले होते. बानूबाईंनी तोंडाला पदर लावला. "आप्पा, तुमची बारा वर्सं गेली की वो!"

आप्पांनी माझ्या तोटीवरून बोट फिरवले.

"तोटी शाबूत हाय," ते म्हणाले. "दूध आना. त्येचं पोट भरायचं ऱ्हायलंय अजून."

आता करडू पाला ओरबाडते. मी पणदऱ्याला काचेच्या कपाटात माझ्या सहा कपांमध्ये बसले आहे, बिनकानाची आणि बिनझाकणाची. मी सर्वांत पुढे आहे.

मित्रांनो, जुन्या, नाजूक वस्तू जपा. आम्हाला दोन्ही हातांनी धरा. पण एखादा जीव संकटात दिसला, तर हात सोडायला कचरू नका. आम्ही रागावत नाही.