न उघडलेला डाव

"रिना, त्या दिवशी तू कोणते पत्ते टाकले होते?"

डब्याचं झाकण लावता लावता दिव्यानीनं विचारलं, अगदी सहज विचारावं तसं. मागे नंदिनी आणि रश्मी ओढणीत तोंड खुपसून हसू दाबत होत्या. पैज त्यांचीच होती, हिंमत असेल तर विचारून दाखव.

रिनानं आधी तोंडातला घास संपवला.

"तीन राजे. दोन हातात, एक खाली."

नंदिनीचं हसू थांबलं.

"मंग टाकले काऊन?" दिव्यानीनं विचारलं.

"खाली तीन बदाम पडले होते ना. अन् तू सगळा ढीग सारला. तुह्या हातात दोन बदाम असते तं पाच बदामापुढे माह्ये राजे हरले असते." रिनानं खांदे उडवले. "ही रश्मी असती तं सोडलं नसतं मी. तू का फुकटची सारतं कधी?"

रश्मीनं तिच्या पाठीत धपका घातला, पण जोर नव्हता त्यात.

खेळ दिवाळीच्या सुट्टीत सुरू झाला होता. ऊर्जानगरच्या क्वार्टरच्या गच्चीवर दिव्यानीच्या मावसभावानं, आयुषनं, चौघींना पोकर शिकवला. दोन पत्ते जिच्या तिच्या हातात, पाच सगळ्यांचे मिळून खाली उघडे. पैशाचं नाव नाही, प्रत्येकीला दोनशे चिंचोके. लावायचे एरवी थोडेच, पण मनात आलं तर अख्खा ढीग एका दमात पुढे सारायची मुभा. म्हणजे दुपारभर जमवलेलं एका श्वासात जायचं.

"एवढा मोठा ढीग असला की पत्त्याआधी माणूस वाचा लागते," आयुष म्हणायचा. "अन् आपल्याले लोकायनं कसं वाचावं, ते आपण ठरवायचं."

दिव्यानीनं ठरवलं. चांगले पत्ते आले तरच ती डावात उतरायची. समोरच्यांनी पत्ते टाकले की जिंकणारीनं आपले दाखवायची गरज नसते, तरी ती दरवेळी उघडून दाखवायची. पाहा, खरंच होते. होळीपर्यंत अशी गत झाली की तिनं दहा चिंचोके सरकवले की बाकीच्या पत्ते टाकून पाणी प्यायला उठायच्या. दिव्यानीनं लावलं म्हणजे असणारच. हे वाक्य तिला इतकं आवडायचं की कधी कधी ते ऐकण्यासाठीच ती लावायची.

मग हेमलकशाचं शिबिर निघालं. आठ दिवस, वर्गातून एकच जागा, नावं दोन, रिना आणि दिव्यानी. तुमचं तुम्ही ठरवा, अन्नपूर्णा बाई म्हणाल्या. रिनाला नर्स व्हायचं होतं. तिथल्या दवाखान्याबद्दल छापून आलेलं ती सहावीपासून कापून वहीत चिकटवत होती. दिव्यानीला मात्र नुसतं निवडून यायचं होतं. रिना चिठ्ठ्या टाकू म्हणत होती.

"चिठ्ठीत काय मजा? खेळून ठरवू," दिव्यानीच म्हणाली होती.

आणि त्या डावात, हातात काहीही नसताना, तिनं ढीग सारला. रिना बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिली, मग तिनं पत्ते पालथे टाकले. दिव्यानीनं पहिल्यांदाच आपले उघडले नाहीत, तसेच गड्डीत मिसळले. उघड, असं कोणी म्हणालंही नाही. नंतर जिन्यात तिनं नंदिनी आणि रश्मीला खरं सांगितलं, आणि तिघी पोट दुखेपर्यंत हसल्या.

आता रिना त्या बदामांबद्दल विचारेल म्हणून दिव्यानी थांबली. उत्तर तयार होतं, खेळात चालतं म्हणून.

रिनानं विचारलंच नाही. डबा दप्तरात कोंबत ती म्हणाली, "तिथं गेली की दवाखाना नीट पाहून ये. मले सगळं सांगजो."

दिव्यानीनं मान हलवली. पैज तिनं जिंकली होती, पण नंदिनीनं टाळीसाठी हात पुढे केला नाही आणि तिनंही.

घरी तिचे वडील हरिदास शिफ्टला निघायच्या घाईत संमतीपत्र मांडीवर घेऊन बसले होते. पेनाचं टोपण निघालं होतं.

"बाबा, सही नका करू. मी नाई जात."

त्यांनी वर पाहिलं. "तब्येत बरी नाई का?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. कोणी दुसरा प्रश्न विचारला नसता. आईचा, सत्यशीलाचा, हात तेवढ्यात तिच्या कपाळावर टेकलाही होता.

दिव्यानीनं तो हळूच बाजूला केला.

"बरी हाये. रिना जाईन शिबिराले. माह्याजवळ एकबी बदाम नव्हता, हे आज संध्याकाळी गच्चीवर मी तिले सगळ्यायसमोर सांगणार हाये. मंग ती माह्यासंगं बोलो, नाई तं न बोलो."