टाकीजवळचं वळण

भावोजींच्या जोडगाडीवर माझ्याआधी वाळूचं पोतं बसायचं. मोटरसायकलच्या डाव्या अंगाला तिसरं चाक आणि एक फळी जोडलेली, तिला आम्ही जोडगाडी म्हणायचो. वळणावर ती उलटू नये म्हणून फळीवर वजन लागतं. पहिली दोन वर्षं पोत्यावर भागलं. मग शर्यत भरवणाऱ्या मंडळींनी नियम काढला, की फळीवर जिवंत माणूसच हवा. भावोजींनी ताईला विचारलं, "तुझा भाऊ रविवारी काय करतो?"

"झोपतो," ताई म्हणाली.

"मग फळीवर झोपेल."

तेव्हापासून मला सगळे पोत्या म्हणायला लागले. मी वेल्डर होतो. जोडगाडीचा सांगाडा मीच पाइप वाकवून केला होता, त्यामुळे नाही म्हणायलाही जागा नव्हती.

शर्यत वर्षातून तीनदा व्हायची, आमच्या रोजच्याच रस्त्यावर. सकाळी आठ ते बारा वाहतूक बंद. वीटभट्टीपासून शाळेच्या भिंतीकडे, तिथून पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत, असा सहा किलोमीटरचा फेरा. वळणांवर गवताचे भारे रचायचे आणि दिव्यांच्या खांबांना घराघरांतून आणलेल्या जुन्या गाद्या बांधायच्या. शर्यतीपेक्षा मोठी भांडणं नंतर व्हायची, कुठली गादी कुणाची यावरून. धावणारे सगळे हौशी. एक शिंपी, एक बेकरीवाला, दोन-तीन गिरणीतले, आणि आमचे भावोजी, जे आठवड्याचे सहा दिवस शहराची बस चालवायचे. निशाण दाखवायला आणि नियम सांगायला शाळेचे मास्तर. सोमवारी सकाळी जो तो आपल्या कामावर. शिंपी मांडीला पट्टी बांधून मशीन चालवायचा, एवढाच फरक.

फळीवरच्या माणसाचं काम असं. डावं वळण आलं की फळीवरून बाहेर लोंबायचं, कान रस्त्यापासून वीतभर अंतरावर. उजवं आलं की चालवणाऱ्याच्या पाठीमागे जाऊन मागच्या चाकावर पोट टाकायचं. बोलून काही उपयोग नाही, इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही. मी भावोजींचा खांदा बघायचो. खांदा किंचित खाली गेला की मी निघायचो. नऊ वर्षं आमचं हे असं न बोलता चाललं होतं, आणि घरी जेवताना दोघं एका ताटाशी बसून भांडायचो.

दहाव्या वर्षी डाव्या वळणांवर खांदा उशिरा खाली जायला लागला.

आधी मला वाटलं, वय झालं. पण उजव्या वळणांवर ते तसेच होते, उलट आणखी धीट. वर्षाच्या पहिल्या शर्यतीत डावीकडचे दोन भारे आम्ही उडवले. घरी त्यांचा डावा हात चहाच्या कपाला लागला आणि कप लवंडला. ताईने मुकाट्याने पुसलं. पुढच्या वेळी तिने कप उजवीकडे ठेवला. ते मी पाहिलं.

दुसऱ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी भावोजी ड्युटीवर असताना मी ताईकडे गेलो. ती खिडकीशी बसून त्यांच्या खाकी शर्टाला बटण लावत होती.

"ताई, भावोजींना डावीकडचं दिसतं ना गं?"

तिने दोरा तोडला. "तू कुणाला बोललास का?"

"नाही."

"मग बोलू नकोस." ती शर्टाची घडी घालायला लागली. "डावा डोळा जवळजवळ गेलाय. दीड वर्ष झालं. सकाळच्या गर्दीच्या फेरीला मी जाते ना रोज बसने?"

"बाजाराला."

"कसला बाजार. दाराजवळच्या पुढच्या सीटवर बसते आणि सांगते. डावीकडे सायकल, डावीकडे म्हातारी, डावीकडे खड्डा. लोक हसतात, म्हणतात बाईसाहेब तोंडाने बस चालवतात. हसू देत. दुपारी रस्ते मोकळे असतात, तेव्हा निभतं."



"चौदा महिने राहिलेत पेन्शनीला," ती म्हणाली. "आत्ता डोळ्यांचं कळलं तर उतरवतील गाडीवरून. मग काय करायचं त्यांनी? बसमध्ये मी आहे. फळीवर तू आहेस. तू बघ आणि खुणेने सांग."

"तिथे सांगायला वेळ नसतो गं."

"अरे, नऊ वर्षं तुम्ही न बोलता चालवलीत ना?"

मी हो म्हणालो. डोळ्यांत पाणी वगैरे तिच्या नव्हतं. असतं तर मला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. ती सरळ हिशेबाचं बोलत होती.

रविवारी सकाळी आम्ही नाव नोंदवलं. छापील कागद असायचा, गाडी ठीक आहे, प्रकृती ठीक आहे, असं. भावोजींनी सही केली. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, मी अंगठा उठवला. मास्तर म्हणाले, "पोत्या, माझ्या वर्गात येऊन बस, महिन्यात सही शिकवतो." मी म्हणालो, "आधी जिवंत परत येऊ द्या." सगळे हसले. भावोजी सगळ्यांत मोठ्याने.

शर्यतीआधी एक फेरा सरावाचा असतो. आम्ही निघालो. मी ठरवलं होतं, की डावं वळण आलं की त्यांच्या पाठीवर थाप मारायची, मग बाहेर लोंबायचं. वीटभट्टीला जमलं. शाळेच्या भिंतीला थाप जरा लवकर पडली, पण जमलं. मला वाटलं, निभेल.

टाकीजवळचं वळण डावं आणि लांबलचक होतं. मी थाप मारून बाहेर लोंबलो. समोर एक भारा रस्त्यात सरकला होता आणि बेकरीवाल्याचे म्हातारे वडील वाकून तो मागे ओढत होते. आमच्याकडे त्यांची पाठ होती. मला ते दिसले. भावोजींना दिसले नाहीत. गाडी सरळ त्यांच्याकडे चालली होती.

मला पूर्ण आत येऊन पाठीवर मारायला, काही सांगायला वेळच नव्हता. मी फळीवरून अंग आत खेचलं. बाकी काही करता येण्यासारखं नव्हतं. वजन सुटल्यावर तिसरं चाक वर उठलं आणि गाडी आपोआप उजवीकडे फेकली गेली. म्हाताऱ्याच्या सदऱ्याला माझ्या हातमोज्याचा स्पर्श झाला. आम्ही पलीकडच्या गवतात जाऊन थांबलो. इंजिन चालूच होतं.

भावोजी वळून म्हणाले, "पोत्या, झोपलास का? आत का आलास?"

त्यांना म्हातारा दिसलाच नव्हता. अजूनही माहीत नव्हतं.

आम्ही हळूहळू सुरुवातीच्या रेषेपाशी आलो. मी उतरलो आणि डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

"मी बसत नाही," मी म्हणालो.

"का?"

"का ते तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान डावीकडे पूर्ण वळवून. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ताईने सांगितलं?"

"मला आधीच कळलं होतं. भावोजी, घरी चला. गाडी बिघडली म्हणून सांगू."

ते तयार झाले असते, असं मला अजूनही वाटतं. पण शिंप्याने ऐकलं, निदान अर्धं ऐकलं. तो मोठ्याने म्हणाला, "पोत्या घाबरला का? अहो ड्रायव्हरसाहेब, माझा धाकटा भाऊ मोकळा आहे. त्याला घ्या फळीवर." भाऊ लगेच पुढे आला. वीस-बावीस वर्षांचा, लग्न ठरलेला. हातमोजे घालायलाही लागला. भावोजी नाही म्हणाले नाहीत. सगळ्यांसमोर 'घाबरला' हा शब्द आला होता, आता मागे फिरणं त्यांना जड गेलं असावं. तो मुलगा फळीवर गुडघा टेकून बसला.

मी मास्तरांकडे गेलो. निशाण त्यांच्या बगलेत होतं.

"मास्तर, भावोजींना डावीकडचं दिसत नाही. आत्ता टाकीपाशी माणूस मरता मरता वाचला."

मास्तर म्हणाले, "आणि बस?"

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मी बसचा विचार ताईसारखाच केला होता, चौदा महिने म्हणून. बसमध्ये माणसं असतात असा केला नव्हता. मास्तरांच्या शाळेची निम्मी मुलं त्याच बसने यायची. मी काहीच बोललो नाही, आणि तेवढं त्यांना पुरलं. त्यांनी जाऊन चावी फिरवून भावोजींची गाडी बंद केली. कुणालाही कारण सांगितलं नाही. भावोजी गाडी ढकलत घरी गेले. मी मागून हात लावायला गेलो तर म्हणाले, "राहू दे."

मास्तरांनी डेपोत कळवलं. डोळे तपासले, काचबिंदू निघाला. भावोजींना स्टिअरिंगवरून उतरवून टायरच्या कोठारात बसवलं. पेन्शन मिळाली, पण ड्रायव्हरची नाही, कमी. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली औषधाने टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. आठ महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मी घरी गेलो की ते उठून आत जायचे.

मग एक दिवस ताई माझ्या दुकानात आली. ठिणग्या उडत होत्या म्हणून दारातच उभी राहिली. मी तोंडावरची काच वर केली.

"दर महिन्याला दवाखान्यात न्यावं लागतं. माझ्याबरोबर यायला त्यांना लाज वाटते, बायको हात धरून नेते म्हणून. तू ने."

"ते येतील माझ्याबरोबर?"

"मी विचारलेलं नाही." ती तरीही गेली नाही. "तू खरं तेच बोललास, मला ठाऊक आहे. पण मला आधी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर बोलू दिलं असतंस?"

"नाही."

"मग?"

"मग काय. तरी सांगायला हवं होतंस."

मंगळवारी मी त्यांना घेऊन गेलो. वाटेत एक शब्द नाही. दवाखान्यात बाकावर दोघं शेजारी बसलो. आमच्यापुढे अकरा माणसं होती. परिचारिकेने त्यांच्या डोळ्यांत थेंब घालून ते मिटून ठेवायला सांगितलं. डोळे मिटल्यावर त्यांचा आवाज आला.

"त्या दिवशी पहिलं कोण आलं?"

"मला माहीत नाही. मीही घरी गेलो."

"नंतर तरी विचारायचंस कुणाला."

"नाही विचारलं."

थेंबाचं पाणी गालावर आलं होतं ते त्यांनी बाहीला पुसलं.

"शिंपी आला असेल," ते म्हणाले. "आपण नव्हतो म्हटल्यावर कुणीही आलं असेल."

मग त्यांनी विचारलं, आपल्यापुढे अजून किती माणसं आहेत, आणि मी मोजून सांगितलं.