पांढऱ्या आभाळातला ठिपका

“मागं कोणी हाये काय, रामसिंगभाऊ?” मंदारने मान न वळवता विचारले.

रामसिंगने आपल्या पडद्यावरचे आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतले. “साफ हाये. घे.”

मंदारने विमान वळवले आणि दोनच सेकंदांत त्याच्या शेपटीने पेट घेतला.

यवतमाळच्या बसस्टँडमागे मंदारचा सायबर कॅफे होता. कापसाचा भाव पडल्याने सगळ्यांचेच हात आखडले होते. निकालाचे दिवस सोडले तर तिथे कुत्रे फिरकत नसे. मग मंदार इंटरनेटवर विमानांची लढाई खेळे, आणि भिडू म्हणून एसटीचा ड्रायव्हर रामसिंग राठोड. पोरीचा फॉर्म भरायला म्हणून आला तो तिथेच चिकटला. वय त्रेपन्न, सव्वीस वर्षे स्टिअरिंगवर, आणि दुपारी ड्युटी सुटली की खाकी कपड्यांतच दुसरे महायुद्ध.

दोघांचा एकच वाद. मंदार सगळ्यांत वेगवान विमान घ्यायचा. रामसिंगचे विमान मठ्ठ, पण उंच चढणारे आणि जागच्या जागी वळणारे. “जोर त कोनालेबी येते,” तो म्हणायचा. “वर जाऊन बसलं का सारं दिसते. ज्याले आधी दिसलं, तो जितला.” म्हणून वर बसून राखण करायची, हे त्याचे काम.

“अहो, हा काय इथं!” मंदारने त्याच्या पडद्यावर बोट टेकवले. “दुसरा बी येऊन राह्यला. काळा ठिपका. दिसून नाही राह्यला?”

रामसिंगला मंदारचे नख दिसले. त्यापुढे पांढरे आभाळ.

“तुहा पडदा खराब हाये.”

खुर्च्या बदलल्या. मंदारच्या पडद्यावरही आभाळ तसेच कोरे. आणि त्या खराब पडद्यावर मंदार भराभर ठिपके मोजत होता.

“मंग तुमी बी जोरातलं विमान घ्या,” मंदार हसला. “इतकं पळाचं का पाहाचं कामच नाही पडत.”

रामसिंगला हसू आले नाही. त्याला मागचा मंगळवार आठवला. राळेगावच्या अलीकडे, पुलापाशी, कापूस वेचायला निघालेल्या बाया रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. दिसल्या तेव्हा अगदी बंपरजवळ होत्या. त्याने असा ब्रेक मारला की कंडक्टरचे कपाळ दांडीवर आपटले. धुके होते, असे त्याने डेपोत सांगितले, घरी बायकोला, धनीबाईलाही सांगितले. थोडे होतेही.

आणि जुलैतली डोळ्यांची तपासणी? रांगेत पुढच्या तिघांनी मोठ्याने वाचलेली शेवटची ओळ त्याला ऐकून पाठ झाली होती. वरच्या ओळी तर दिसत होत्याच. ही लबाडी आहे असे तेव्हा वाटले नव्हते. आता वाटले, आणि लाजेबरोबर भीतीही वाटली. तांड्यात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे ‘डायवर’च म्हणत. स्टिअरिंग गेले तर कोण काय म्हणून हाक मारणार?

तरी तो उठला आणि डेपोत गेला. ड्युटी लावणारे श्रीकृष्णबाबू उद्याचा तक्ता भरत होते.

“उद्या मले गाडी देऊ नका, बाबू.”

“काहून? सुट्टी पाह्यजे?”

“डोळे दाखवाचे हायेत.”

“जुलैत त पास झाले ना तुमी.”

“ऐकून वाचलं होतं.”

श्रीकृष्णबाबूंनी पेन खाली ठेवला, दाराकडे एकवार पाहिले. “मी काही ऐकलं नाही, राठोड. गपचूप चष्मा करून घ्या. एकडाव लेखी गेलं का गाडी काढून घेऊन शेडमधे बसवतीन तुमाले.”

“अन् चष्मा येईपर्यंत? उद्या सकाऊन त्या बाया असतीनच पुलापाशी,” रामसिंग म्हणाला. “कागद द्या.”

अर्ज चारच ओळींचा झाला. लिहिताना त्याला कागद नाकाशी धरावा लागला नाही, पडद्याहून जवळचे सगळे स्वच्छ दिसत होते. त्याचा त्याला फार राग आला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या नेहमीच्या सकाळी सव्वासहाच्या राळेगाव गाडीवर हिरासिंगचे नाव लागले. सगळीकडे आठ मिनिटे आधी पोहोचणारा म्हणून हा पोरगा डेपोत प्रसिद्ध. रामसिंग फाटकाशी आला तेव्हा तो सीटवर चढून बसलाही होता.

“काका, आज तुमी खाली?”

“माही चादर हाये पाठीमागं. दे तेवढी.”

हिरासिंगने सीटमागची चौपदरी घडी काढून खिडकीतून दिली. रामसिंगने ती काखेत घेतली, पण खिडकीपासून हलला नाही.

“पुलापाशी बाया चालतेत रे. तिथं कमी कर.”

“किती करू?”

“जेवळं दिसते तेवळंच पळव,” रामसिंग म्हणाला.

डबल बेल झाली. गाडी फाटकाबाहेर पडली, लाल रंग धूसर झाला आणि मग दिसेनासा झाला. कान मात्र शाबूत होते. दुसरा गिअर, तिसरा. वळणावर पोराने पुन्हा दुसरा टाकलेला ऐकू आला, तेव्हा तो चादर घेऊन शेडकडे वळला.