अर्धी काच

माझ्या सासऱ्यांनी मला गाडीची किल्ली दिली आणि त्याच संध्याकाळी परत काढून घेतली. मधल्या वेळात मी कुणाला धडकले नव्हते, गाडीला साधा ओरखडाही उमटला नव्हता. मी फक्त गाडी थांबवली होती.

झालं होतं असं. हातकणंगल्याजवळच्या एका शाळेत मला गणित शिकवायची नोकरी लागली. शाळा भल्या सकाळी भरते आणि आमच्या उचगावातून तिथे वेळेवर पोचवील अशी एकही एसटी नाही. दारात गाडी होती, माझ्याकडे लायसन्स होतं, म्हणजे प्रश्न मिटला असं कुणालाही वाटेल. पण गाडी आबांची आहे. आबा म्हणजे माझे सासरे गणपतराव. साखर कारखान्यात उभी हयात काढून निवृत्त झाले आणि आलेल्या पैशातून पहिली गाडी घेतली. ती ते नातवंडासारखी सांभाळतात. "आदी माझ्यासंगं एकदा जाऊन ये, मग बघू," असं त्यांनी फर्मान काढलं आणि रविवारी आम्ही दोघं निघालो.

जाताना सगळं झकास झालं. येताना मात्र संध्याकाळ झाली आणि सूर्य नेमका समोर आला. एका क्षणात पुढची काच दूध ओतल्यासारखी पांढरीफटक झाली. रस्ता गेला, कडेची झाडं गेली. पुढे कुठेतरी उसाची ट्रॉली चालली होती, तिच्या ट्रॅक्टरवरचा टेप ठणाणा वाजत होता, पण ट्रॉली काही दिसेना. मी इंडिकेटर दिला, गाडी हळूच कडेला घेतली आणि उभी केली.

"काय झालं गं?" आबा म्हणाले.

"काही दिसत नाही, आबा. काच बघा की कशी झालीय."

"काचंला काय झालंय? म्होरं ट्रॉली चाललीया, ती दिसंना व्हय तुला? मला तर समदं दिसतंय!"

मला उतरायला लावून ते स्वतः चालवायला बसले. घरापर्यंत त्या ट्रॉलीच्या मागेच राहिले, एकदाही पुढे काढली नाही. मला वाटलं, राग गिळताहेत. दारात गाडी लावून किल्ली खिशात टाकली आणि जाहीर केलं, "उन्हाला भिऊन मधीच थांबणाऱ्या माणसाचं हे काम न्हवं. नोकरी जवळपास बघ."

रात्रभर माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला. सकाळी नवऱ्याला पुण्याला फोन लावला. माझ्या नवऱ्याचं नाव धैर्यशील आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आबा म्हणालेत तर राहू दे की. आपण स्कूटीचं बघू." मी फोन ठेवून दिला. पुढच्या सोमवारी मला शाळेत हजर व्हायचं होतं, आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या त्या रस्त्यावर मी स्कूटीनं जाणार नव्हते. गाडीनंच जाणार होते. दोष माझ्यात नव्हता, काचेत होता, आणि तो मी शोधून काढणार होते.

आता आबांच्या गाडीच्या काचेत दोष आहे असं म्हणणं म्हणजे आमच्या घरात मोठंच धाडस. कारण ती काच ते रोज पुसतात. सकाळी अंघोळ झाली की आधी गाडीची पूजा. डॅशबोर्डवर जोतिबाचा फोटो आहे, त्याच्यापुढे मोगऱ्याच्या उदबत्त्या लावायच्या, कापूर पेटवायचा, आणि सुवास आत मुरावा म्हणून काचा वर करून दारं लावून टाकायची. मग बादली घेऊन बाहेरून पुसापुशी. रविवारच्या आधी मी एकदा सहज म्हटलं होतं, "आतून पण पुसायची का?" त्यावर ते हसले होते. "आतनं कशानं घाण हुतीया? आत काय पाऊस पडतोय?"

मंगळवारी आबा सोसायटीत गेल्यावर मी बादली उचलली. शॅम्पू घातला, फेस केला, उन्हात उभी राहून काच घासघासून धुतली. वाळल्यावर बघते तर काचेवर पांढरे ओघळ. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की तांब्यात ठेवलं तरी डाग पडतात, ते काचेवर उन्हात वाळल्यावर दुसरं काय होणार? बुधवारी आबा सोसायटीत गेल्यावर खुंटीवरची किल्ली घेऊन गाडी सावलीत लावली आणि फिल्टरचं पाणी घेऊन निघाले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आडव्या आल्या.

"प्यायचं पाणी गाडीला? तिला काय तहान लागलीया व्हय?"

"लागलीय, आई. जरा पाजून येते."

सासूबाईंचं नाव बाळाबाई. तोंडानं कडक, पण त्या दिवशी त्यांनीच मला काच कोरडी करायला आतून रद्दीचा गठ्ठा आणून दिला. ओघळ गेले, पण संध्याकाळी मागच्या सीटवर बसून पुढच्या काचेतून मावळतीकडे पाहिलं तर काच अजून धुरकटच. वर आता फराटे दिसायला लागले. गुरुवारी मला कळलं की मी पुसायला घेतलेलं फडकंच चुकीचं होतं. आबांचा जुना बनियन होता तो, त्यालाच दाराच्या बिजागऱ्यांचं तेल पुसलेलं. मी दुकानात जाऊन काच पुसायची मऊ फडकी घेऊन आले, एक ओल्याचं, एक कोरड्याचं. तरी फराटे होतेच. बाहेरून पुसलं की वाटायचं आतून आहेत, आत बसून पुसलं की वाटायचं बाहेरून आहेत. चिडून मी ते फडकं बादलीत आपटलं आणि पायरीवर जाऊन बसले. एका काचेनं मला इतकं खेळवावं याचा मला मनापासून संताप आला होता.

मग मलाच माझी लाज वाटली. दोन अज्ञात राशी असल्या की त्या आधी वेगळ्या करायच्या, हे मी पोरांना शिकवणार आणि इथे स्वतः नुसती घासत बसले होते! शुक्रवारी मी बाहेरून काच पुसली ती फक्त आडवी, डावीकडून उजवीकडे. आतून पुसली ती फक्त उभी, वरून खाली. संध्याकाळी सूर्य खाली आल्यावर पाहिलं. आडवा एकही फराटा नव्हता. उभे मात्र रांगेनं उभे होते.

म्हणजे घाण आतच होती. मी आतल्या काचेवर ओलं बोट जोरात ओढलं. बोटाला पिवळसर, चिकट काहीतरी लागलं. नाकाजवळ नेलं तर मोगरा!

मी तशीच सीटवर बसून राहिले. समोर जोतिबा, त्याच्यापुढे राखेचा छोटा ढीग. गाडी घेतल्यापासून रोजचा धूर बंद गाडीत कोंडत होता, काचेवर बसत होता, आणि ती काच आतून माझ्याआधी कुणी कधी पुसलीच नव्हती. आबा रोज सकाळी भक्तीनं काच धुरकट करत होते आणि मग बाहेरून निष्ठेनं पुसत होते.

सासूबाईंना बोट दाखवलं. त्यांनी वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "हे त्यास्नी सांगू नगंस, पोरी. त्यांच्याशी भांडायचं तर भांड, पर देवाच्या उदबत्तीला नावं ठेवलेली न्हाई चालायची त्यास्नी."

"सांगणार नाही, आई. दाखवते."

शनिवारी दुपारी आबा झोपल्यावर मी गाडी सावलीत घेतली. फिल्टरच्या कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब टाकला. फडकं घट्ट पिळून आतली काच वरून खाली पुसायला लागले. फडकं पिवळं झालं की घडी उलटायची, सगळ्या घड्या संपल्या की धुऊन परत. मग नुसत्या पाण्याचा हात, मग लगेच कोरडं फडकं, काचेवर पाणी आपोआप वाळू द्यायचं नाही. पण हे सगळं केलं फक्त ड्रायव्हरच्या बाजूला. बरोबर मध्यावर, जोतिबाच्या फोटोच्या रेषेत थांबले. डावी अर्धी काच होती तशी ठेवली. हात शिवशिवत होते, तरी ठेवली.

ऊन उतरल्यावर मी आबांपुढे जाऊन उभी राहिले. ते कट्ट्यावर बसले होते.

"आबा, गाडी मळ्याच्या तोंडाला लावायचीय. तुम्ही बसा चालवायला, मी शेजारी बसते."

"आत्ता? सांजचं मी न्हाय गाडी काढत." ते एकदम म्हणाले. आणि हे खरं होतं, अलीकडे ते संध्याकाळचे गाडी काढतच नसत. जयसिंगपूरला त्यांची थोरली बहीण आहे, आक्का. तिच्याकडे गेले तरी जेवून हात वाळायच्या आत परत निघायचे. दिवाळीपासून तर तेही बंद झालं होतं. भाऊ आपल्याला विसरला म्हणून आक्का फोनवर सासूबाईंजवळ रडायची. रविवारी मला घेऊन निघाले, तेव्हाही लवकर परतायचं म्हणून माझ्यामागे सारखा लकडा लावला होता. आम्हाला वाटायचं, वयानं चिडचिडे झालेत.

"रस्त्यावर नाही जायचं, आबा. इथंच, मळ्यापर्यंत. त्यानंतर मी किल्लीचं नाव काढणार नाही."

हे शेवटचं मी खोटं बोलले. पण ते उठले.

मळ्याच्या तोंडाला गाडी पश्चिमेला वळवली आणि सूर्य समोर आला. डावी अर्धी काच रविवारसारखी पांढरी झाली. माझ्यासमोर काहीच नव्हतं, नुसतं दूध. उजवीकडे मात्र बांध दिसत होता, बांधावरचं बाभळीचं झाड, पलीकडे उसात शिरणारी पाऊलवाट आणि त्यावरून येणारी शेळी.

आबांनी मान माझ्या बाजूला झुकवली, पाहिलं. परत आपल्या बाजूला घेतली. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला आणि पुन्हा तसंच केलं. मी भांडायच्या तयारीनं बसले होते. देवाची उदबत्ती, बंद दारं, उभे फराटे, सगळं पाठ करून ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांनी सीटला पाठ टेकली.

"मला वाटलं, डोळं गेलं माझं," ते म्हणाले.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"आमचा बा असाच आंधळा झालता. आदी सांजचं दिसंना, मग दिवसा बी. मी कुणाला बोललो न्हाय. डाक्टरकडं बी गेलो न्हाय, भ्या वाटत हुतं. आक्काकडं जायाचं सोडलं, येताना ऊन म्होरं येतंय म्हनून." त्यांनी बोट पुढे करून डाव्या काचेला आतून लावलं, बोटाला लागलेलं हुंगलं, आणि जोतिबाच्या फोटोकडे बघत राहिले. मला सांगावंच लागलं नाही.

मला भरून आलं. हा माणूस महिनोन्‌महिने एकटाच आंधळा व्हायची वाट बघत बसला होता आणि मी त्याला हट्टी म्हातारा म्हणत होते. पण सोमवार परवावर आला होता आणि शाळा माझी वाट बघत थांबणार नव्हती. डोळे पुसून मी म्हणालेच, "आबा, किल्लीचं मी नाव काढणार नाही म्हटलं होतं, पण काढते. मला गाडी पाहिजे."

त्यांनी गाडी बंद केली.

"त्या दिशी ट्रॉली हाय म्हनलो न्हवं मी तुला?"

"हो. मला दिसली नव्हती."

"मला बी दिसली न्हवती. टेप ऐकू येत हुता, म्हनून म्हनलो. घरापातूर त्या टेपाच्या मागनं आलो, जीव मुठीत धरून." त्यांनी किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि वरून माझी मूठ मिटली. "दिसंना झाल्यावर तू थांबलीस. मी कवाच थांबलो न्हाय. गाडी तू चालव."

आम्ही जागा बदलल्या. मी गाडी चालू केली, तसे ते डाव्या बाजूच्या पांढऱ्या काचेमागून म्हणाले, "आनि घरी गेल्यावर ते फडकं दे माझ्याकडं. हिकडची मी पुसतो."