खिडकीखालची फटफटी

नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यात काम करणारा राधाकृष्ण नावाचा माणूस दुपारच्या एसटीने मिरजगावला येणार होता आणि सुमंतची फटफटी घेऊन जाणार होता. ती दारातून हलण्याआधी तिचे दोन्ही कार्बोरेटर सारखे लावायचे, एवढा एकच हट्ट सुमंतने धरला होता.

"अडखळत जायला नको ती इथून," तो म्हणाला.

दमयंतीने पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढला. फटफटी विकायचं त्याने ठरवल्यापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

सुमंत तिचा मोठा भाऊ. आईवडील गेल्यावर घरात ही दोघंच उरली. ती गावातल्या शाळेत शिकवायची आणि तो बांधकाम खात्यात ओव्हरसीअर होता. नगरच्या छावणीतून बदली होऊन निघालेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून त्याने ती जुनी विलायती ट्रायंफ घेतली. जामखेड, खर्डा, कुठलंही काम असो, तो तिच्यावरूनच जायचा. गेल्या वर्षी खर्ड्याहून परत येताना वळणावर शेरडांचा कळप आडवा आला. सुमंतने गाडी वळवली ती थेट रस्त्याच्या मोरीखाली गेली. टाकीला पोचा पडला, पुढच्या चाकाचा चिमटा वाकला. ते सगळं नगरच्या मेस्त्रीने नीट करून दिलं. सुमंतचा कणा मात्र मोडला तो मोडलाच. कमरेखाली त्याला काहीच कळत नव्हतं.

तेव्हापासून तो पडवीच्या खोलीत खिडकीशी खाटेवर होता. फटफटी अंगणात शेडखाली उभी होती. दमयंती शाळेत जाण्याआधी ती रोज पुसायची. धूळ तरी केवढी! पाऊस नसल्याने सगळा शिवारच उडून घरात येत होता.

शेजारचा कानिफनाथ त्या दिवशी खडी फोडायच्या कामावर गेला नाही. मोरीखालून सुमंतला काढून बैलगाडीत घालून आणणारा तोच. त्याने फटफटी ढकलत खिडकीखाली आणली, स्टँडवर चढवली आणि आत डोकावून विचारलं, "सायेब, तुमाला खाटंसकट भायेर घेऊ का? जवळून बघाल."

"नको रे. लोक जमतील बघायला. आहे तिथून ऐकू येतं मला."

पण नुसतं ऐकून भागणार नव्हतं. त्या इंजिनाला दोन सिलिंडर आणि प्रत्येकाचा कार्बोरेटर वेगळा. एकाने हवा जास्त ओढली आणि दुसऱ्याने कमी, की इंजिन थरथरतं, चढावर दम टाकतं. पूर्वी सुमंत रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचा, दुसरं कानात घालायचा आणि दोन्हीकडचा सुसकारा पारखायचा. आता त्याने दमयंतीला दवाखान्याच्या सामानातली एक कोरी नळी काढायला सांगितली. ती त्याच्या लघवीसाठी आणलेली होती, ते तिघांनाही माहीत होतं. तिने तिचं एक टोक खिडकीच्या गजांतून आत दिलं, ते सुमंतने कानात घातलं; दुसरं तिने कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं.

"कानिफा, उजव्या प्लगची वायर काढून ठेव. आधी डावा एकटा चालवू. मार किक."

कानिफनाथने किक मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली, पुन्हा. मग इंजिन खोकत सुरू झालं आणि अर्ध्याच ताकदीने फटफटत राहिलं. खिडकीचे गज थरथरू लागले.

"दमे, तिरका स्क्रू आत घे. थोडाच. अजून. आता आडवा बाहेर काढ, त्याने हवा वाढते."

दमयंती पदर खोचून जमिनीवर बसली होती. स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात नीट बसत नव्हता. इंजिन तापल्यावर तिला मनगटाला चटका बसला. डावा लागला. मग डाव्याची वायर काढून उजवा घेतला, आणि तो काही केल्या स्थिर होईना. चढायचा, उतरायचा, बंद पडायचा. कानिफनाथचा सदरा घामाने पाठीला चिकटला.

"दमे! आडवा नव्हे, तिरका! किती वेळा सांगायचं?" सुमंत आतून ओरडला. "लक्ष कुठंय तुझं?"

"मग ऊठ आणि तू कर!"

इंजिन बंद पडलेलं होतं, त्यामुळे ते शब्द फार मोठे ऐकू आले. कानिफनाथ मान फिरवून रस्त्याकडे बघू लागला. दमयंतीने तोंडावर हात ठेवला. हाताचं ग्रीस गालाला लागलं.

सुमंतने कानातली नळी काढली.

"मी उठणार नाही, दमे," तो म्हणाला. "तेच तुला सांगायचंय."

"असं का बोलतोस? पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, धीर धरा, वर्ष-दोन वर्षं लागतील..."

"तुला तसं सांगितलं. मला त्याच दिवशी खरं सांगितलं होतं. तू बाहेर औषधं आणायला गेली होतीस. मीच हात जोडले त्यांना, की माझ्या बहिणीला एवढ्यात सांगू नका."

दमयंती उभी राहिली. गजांपलीकडे त्याचा चेहरा अर्धाच दिसत होता.

"तेव्हापासून तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी रोज ती गाडी पुसते, ते बघत होतास?"

"बघत होतो."

"संगमनेरचं स्थळ आलं तेव्हा? दादा चालायला लागला की बघू, असं मी त्यांना कळवलं तेव्हाही?"

सुमंत हातातल्या नळीकडे बघत म्हणाला, "तू काय कळवलंस ते मला मागाहून समजलं. तोवर त्यांचं दुसरीकडे जमलं होतं. तुझ्या भल्यासाठी गप्प राहिलो, असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे सांगायचं धैर्य नव्हतं मला. गाडी दारात आहे तोवर तू वाट बघत राहणार. म्हणून विकली."

कानिफनाथ हळूच म्हणाला, "बाई, मी वाईच घरी जाऊन येऊ का?"

"नका जाऊ, कानिफभाऊ," दमयंती म्हणाली. "तो माणूस येईल आता. मारा किक."

ती पुन्हा खाली बसली. नळी पुन्हा सुमंतच्या कानात होती आणि तिचं दुसरं टोक दमयंतीच्या हातात. त्याने सांगावं, तिने फिरवावं. आता तिचा हात चुकत नव्हता. उजवा लागला. कानिफनाथने दोन्ही वायरी जोडल्या. सुमंतने दोन्ही तिरके स्क्रू सारखेच सैल करायला सांगितले. मग तो म्हणाला, "डावीकडे धर. आता उजवीकडे. पुन्हा डावीकडे."

तो डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला.

"कानिफा, मागं बघ रे."

कानिफनाथने दोन्ही सायलेन्सरमागे एकेक तळहात धरला. "सारकीच हवा लागतीया, सायेब. तसूभर फरक न्हाई."

"दमे, रेस दे."

तिने मूठ पिळली. आजवर तिने कधी त्या मुठीला पुसण्यापलीकडे हात लावला नव्हता. आवाज कुठेही न अडता वर चढत गेला, सोडल्यावर तसाच खाली आला आणि एका लयीत चालू राहिला. तिने खिडकीकडे पाहिलं. सुमंतचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि हनुवटी हलत होती.

"बंद कर," तो म्हणाला.

राधाकृष्ण आला तेव्हा ऊन कललं होतं. तरणा, भल्या मनाचा माणूस. आत येऊन त्याने सुमंतला नमस्कार केला, पण पांघरुणाखाली सपाट पडलेल्या पायांकडे नजर गेल्यावर पुढे काय बोलावं ते त्याला सुचेना. सुमंतनेच बोलून त्याची सुटका केली. सकाळी गार असताना पेट्रोल कसं सोडायचं, केबल किती दिवसांनी बघायची, सगळं सांगितलं.

"तुम्ही अगदी नवरीसारखी जपलीत हो," राधाकृष्ण म्हणाला, आणि आपण भलतंच बोललो असं वाटून बाहेर गाडीकडे वळला.

फटफटी गेली. नगरच्या रस्त्याला लागल्यावर तिचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग एक मालट्रक गेला आणि त्यात तो मिसळून गेला. कानिफनाथ जाताना उंबऱ्याशी थांबून म्हणाला, "बाई, काय लागलं तर हाळी द्या. आमची कारभारीण, छबूबाई, हाय घरात."

अंधार पडायच्या सुमाराला दमयंतीने राखेने हात घासले. नखांतलं काळं निघेना. तिने पिठलं-भाकरी केली, सुमंतला उशीला टेकवून बसवलं आणि ताट पुढे ठेवलं.

"दमे," तो म्हणाला, "मी चुकलो."

"हो, चुकलास." तिने पाण्याचा तांब्या खाटेशी ठेवला. "आणि तुला सोडून मी कुठं जाणार नाही, हेही तुला माहीत होतं. म्हणून जास्त राग येतोय."

"येऊ दे."

"पाणी ठेवलंय उजव्या हाताला."

रोज ती त्याच्या खाटेशी पाट मांडून जेवायची. त्या दिवशी तिने आपलं ताट उचललं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन चुलीसमोर एकटी जेवायला बसली. सुमंतला भाकरी मोडल्याचा आवाज येत होता. त्याने तिला हाक मारली नाही.