दोन्ही डावे

धाकट्या जावयाचा रणगाडा अखेर सासऱ्यांच्या काचेच्या कपाटात मधल्या फळीवर जाऊन बसला, आणि थोरल्या जावयाने विकत आणलेलं पितळी जहाज कोपऱ्यात गेलं. पण हे घडलंच नाही असं आपण तूर्त धरून चालू. धाकटा जावईही तसंच धरून चालतो.

तर, रणगाडा अजून टेबलावर आहे. सुटे भाग जोडून बनवायचा, तळहातावर मावेल एवढा. धाकटा जावई चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा आणि घरी येऊन भिंगाखाली रणगाडा घासायचा. सासऱ्यांची उभी हयात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये ह्याच रणगाड्यांचे पट्टे बदलण्यात गेलेली. टक्कल पडलेल्या थोरल्याला ते ‘बाळा’ म्हणत आणि धाकट्याला ‘चष्मेवाले’. त्यांच्या वाढदिवसाला हा रणगाडा दिला की आपल्यालाही ते ‘बाळा’ म्हणतील, एवढीच त्याची माफक अपेक्षा.

खोक्यात आलेले पट्टे म्हणजे निव्वळ पायजम्याच्या नाड्या. म्हणून त्याने रेझिनचे वेगळे मागवले. कडी न् कडी कोरलेली, तिरपे दात. डाव्याचे एकीकडे कललेले, उजव्याचे दुसरीकडे. पुडी फोडली. दोन्ही डावे.

त्याने ते साच्यात ओतून विकणाऱ्या माणसाला फोन लावला.

“अहो, दोन्ही डावे आलेत.”

“मग एक उलटा लावा.”

“त्याचे दात मागे जातात.”

“गाडी रिव्हर्समध्ये आहे म्हणून सांगा.”

“एकाच बाजूने?”

“वळतेय हो! तुम्ही कधी वळत नाही का?”

तरी त्याने बदली पुडी पाठवली. तीत दोन पट्टे होते. दोन्ही डावे.

“चार झाले,” बायको म्हणाली. “अजून दोन पुड्या आल्या की घोण तयार.”

वाढदिवस उद्यावर आला. त्याने पातेल्यात पाणी तापवलं, पट्टे नरम केले, बायकोचा हेअर ड्रायर पळवला आणि श्वास रोखून ते चाकांवर गुंडाळले. डावीकडचा अंगठीसारखा बसला. उजवीकडचाही बसला, फक्त उलटा. मग त्याने त्यावर चिखलाचा रंग थापला. मग आणखी थापला.

“गाडी लढायला गेली होती की नांगरायला?” बायकोने विचारलं.

“तुला त्यातलं काही कळत नाही.”

“ड्रायरला चिखल लागलाय, एवढं कळतं.”

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी जावयानेच घासून दिलेला चष्मा लावला आणि रणगाडा डोळ्यांशी धरला. थोरला म्हणाला, “वा, साडूभाऊ! चिखल अगदी खरा वाटतो.” सगळे माना डोलवू लागले. धाकटा गप्प बसला असता तर बाजी मारलीच होती. पण खाई त्याला खवखवे.

“बाबा, चिखलाखाली दोन्ही डावे आहेत,” तो म्हणाला. कोणीही विचारलेलं नव्हतं.

सासऱ्यांनी नखाने चिखल खरवडला.

“आमच्याकडे एकदा उजवे संपले होते,” ते म्हणाले. “मी डावाच चढवला उलटा करून. साहेबांनी सगळ्यांदेखत सोलून काढलं मला.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “हुबेहूब हाच.”

ते उठले, जहाज बाजूला सारलं आणि रणगाडा मधोमध ठेवला. उलटा पट्टा पुढे येईल असा.

तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो दूधवाला असो, नळ दुरुस्त करणारा असो की रक्तदाब बघायला आलेले डॉक्टर, दंडाला धरून कपाटासमोर उभं केलं जातं. “हा बघा उलटा पट्टा. आमच्या चष्मेवाल्यांच्या नजरेतून सुटला. आणि लोकांचे चष्मे हे बनवतात!” आवाजात कौतुक ओसंडून वाहत असतं, त्यामुळे भांडताही येत नाही. जाणूनबुजून लावला, हे सांगता सांगता धाकट्याच्या तोंडाला फेस आला. शेवटी त्याने सासूबाईंमार्फत रीतसर अर्ज दिला:

“विषय: कपाटातील रणगाड्याची दर्शनी बाजू बदलणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर रणगाडा यापुढे डाव्या बाजूने दर्शनी ठेवण्यात यावा. ते शक्य नसल्यास रणगाडा व कपाट जागेवरच ठेवून उर्वरित घर फिरवून घेण्यात यावे. तेही शक्य नसल्यास अर्जदारास आठवड्यातून किमान एकदा, थोरल्या जावयाच्या समक्ष, ‘बाळा’ असे संबोधण्यात यावे, ही विनंती.”