डाव्या हातातला पेला

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मेंदूमहाराजांनी चिमणीच्या डोक्याला तांब्याची पट्टी बांधली आणि माईकवर म्हणाले, "पोरीचा उजवा मेंदू डाव्याच्या घरात घुसून बसलाय. भाडेकरूला बाहेर काढतो." मग तिच्या हाती पाण्याचा पेला दिला, घोट घ्यायला लावला आणि लगेच पेन पुढे केलं.

जन्माची डावखुरी चिमणी. तिनं पेन उजव्या हातात घेतलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. आईच्या सासूबाईंना रडूच फुटलं.

"आता डावा हात पिशवीत," महाराजांनी बजावलं, "नाहीतर भाडेकरू परत येईल."

आई शिंपीण. देवाचं नाव घेत तिनंच पिशवी शिवली, दुहेरी शिलाईची, मनगटाशी घट्ट. महिन्याभरात चिमणीचं बोलणं आटलं. शेवटी आई तिला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"त्या दिवशी पेन उजव्या हातात कसं गं घेतलंस?" बाईंनी विचारलं.

चिमणी पुटपुटली, "डाव्या हातात पेला होता."

बाईंनी आईच्या उजव्या हातात टॉर्च दिला. "धरा जरा." आणि पेन पुढे केलं. आईनं ते डाव्या हातानं घेतलं.

"झालात तुम्हीही डावखुऱ्या. तेही पट्टीवाचून."

आई टॉर्चकडे बघत राहिली.

"बाळ पोटात असतानाच मेंदूच्या दोन बाजूंत जनुकं थोडी पुढेमागे कामाला लागतात. डावं-उजवं तिथूनच ठरत येतं. ती देवाघरची वीण आहे असं समजा. उसवू नका."

घरी सासूबाईंनी ऐकून घेतलं. "पेला द्यायची बुद्धी महाराजांना कुणी दिली? ती कृपाच ना?"

दुसऱ्या दिवशी दुकानात बायका आल्या. "चिमणीसारखी पिशवी शिवून दे." आईनं पेल्याची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि पलीकडच्या शिंप्याकडे गेल्या. त्याचं मशीन दिवसभर थांबलं नाही.

आईनं पिशवी टाका टाका उसवली. संध्याकाळी चिमणी जेवायला बसली. डावा हात मोकळा होता, पण तिनं तो आपणहून मांडीखाली दाबून ठेवला आणि उजव्या हातानं आमटी सांडत राहिली.

"अगं, घे ना तो हात."

चिमणीनं मान हलवली. नाही.

देवाला हात जोडायचे तर दोन्ही लागतात. त्यातला एक कुणी चुकीचा ठरवू लागला, तर बायांनो, टाळ्या वाजवण्याआधी एवढंच बघा, पेला कुठल्या हातात दिलाय.